दोन तारखांच्या मधले तीन आठवडे

केसपेपरवर पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची होती. माझ्या एका मैत्रिणीची मुलगी तेव्हा नववीत होती. तिने स्वतःला इजा करून घेतली होती, दोन दिवस रुग्णालयात काढले होते आणि जिवाला धोका उरला नाही म्हणून तिला घरी सोडलं होतं. मनोविकारतज्ज्ञांनी गोळ्या लिहून दिल्या, आईवडिलांशी दहा मिनिटं बोलले, ‘लक्ष ठेवा’ म्हणाले आणि तारीख दिली. बाहेर साठ-सत्तर माणसं खोळंबली होती, याहून जास्त वेळ ते आणणार तरी कुठून? त्या तीन आठवड्यांत मैत्रीण आणि तिचे यजमान रात्री आळीपाळीने जागे राहिले. दिवसा आजी खोलीच्या दाराशी बसून असायची. न्हाणीघराची कडी काढून टाकली होती. मुलगी आत भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची आणि तिच्याशी नेमकं काय बोलायचं, हे घरात कोणालाच सुचत नव्हतं.

अशा वेळी घरच्यांपुढे दोनच दारं असतात. एक ओपीडीचं, जिथे पंधरा दिवसांनी किंवा महिन्याने थोडी मिनिटं मिळतात. दुसरं वॉर्डचं, जिथे चोवीस तास पहारा मिळतो, पण शाळा सुटते, मैत्रिणी सुटतात आणि शेजारीपाजारी चौकशा करू लागतात. ‘अ‍ॅडमिट करण्याइतकं नाही, पण घरी ठेवायचीही भीती वाटते’, असं मैत्रीण म्हणाली होती, आणि अनेक आईवडिलांची अडचण याच शब्दांत मावते. या दोन दारांच्या मधल्या जागेत इतरत्र काय उभं राहिलं, त्यातलं काय उपयोगी पडतं आणि आपल्याकडे ती जागा रिकामी का, हे या लेखात तपासायचं आहे.

मधल्या जागेचं साधं नाव म्हणजे दिवसाचे उपचार. मूल सकाळी येतं, संध्याकाळी घरी जातं. अमेरिकेत याचे दोन प्रकार रुळले आहेत. पहिल्याला ‘पार्शल हॉस्पिटलायझेशन’ म्हणतात: आठवड्याचे पाच दिवस, रोज पाच-सहा तास, बहुधा दोन ते चार आठवडे. दुसरा त्याहून हलका, ‘इंटेन्सिव्ह आउटपेशंट’: आठवड्यातून तीनेक दिवस, रोज तीनेक तास. मेडिकेअर या तिथल्या सरकारी विमा योजनेने पहिल्यासाठी आठवड्याला किमान २० तास आणि दुसऱ्यासाठी किमान ९ तास अशी रेषा आखली आहे. ती योजना मुख्यतः ज्येष्ठांची असली तरी मुलांच्या कार्यक्रमांची घडणही साधारण याच मापाची असते. हा ९ तासांचा आकडा लक्षात ठेवावा, पुढे तो लागणार आहे.

कल्पना जुनी आहे. १९३३ मध्ये मॉस्कोत झागारोव या मनोविकारतज्ज्ञांनी, खाटा कमी पडत होत्या म्हणून, फक्त दिवसा चालणारं रुग्णालय सुरू केलं. १९४६ मध्ये मॉन्ट्रियलच्या अ‍ॅलन मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये इवेन कॅमेरॉन यांनी तसाच विभाग उघडला. (याच कॅमेरॉन यांनी पुढे तिथल्या रुग्णांवर अमानुष प्रयोग केले, हेही विसरता येत नाही.) त्याच सुमारास लंडनमध्ये जोशुआ बिअरर यांनी दिवसाचं रुग्णालय थाटलं. १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रांच्या कायद्यावर सही केली, तेव्हा प्रत्येक केंद्रात ज्या पाच सेवा असायलाच हव्यात त्यांत दिवसाचे उपचार होते. पण हे सगळं मोठ्या माणसांना समोर ठेवून झालं. मुलांची वेगळी मनोरुग्णालयंही तेव्हा फारशी नव्हती. अमेरिकेतलं असं पहिलं रुग्णालय ऱ्होड आयलंडमधलं ब्रॅडली, १९३१ चं. आज तिथे किशोरवयीनांसाठी दिवसाचे कार्यक्रम चालतात.

किशोरवयीनांसाठी अशा कार्यक्रमांची निकड कोविडनंतर सगळ्यांना दिसली. ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची आणि बालमनोविकारतज्ज्ञांची संघटना, तसंच मुलांच्या रुग्णालयांची संघटना, यांनी मिळून मुलांच्या मानसिक आरोग्याबाबत राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. त्या वर्षीच्या सरकारी शालेय पाहणीत हायस्कूलमधल्या ५७ टक्के मुलींनी सतत उदास आणि हताश वाटत असल्याचं नोंदवलं होतं, तर जवळपास ३० टक्के मुलींनी आत्महत्येचा गांभीर्याने विचार केला होता. खाट मिळेपर्यंत मुलं तातडीच्या विभागात दिवसच्या दिवस पडून राहत होती. खाटा एका रात्रीत वाढत नाहीत. दिवसाचे कार्यक्रम त्यामानाने लवकर उभे राहतात. २०२० नंतर त्यांची पडद्यावरून चालणारी रूपंही भराभर निघाली.

आत काय चालतं, हे पाहण्यासारखं आहे. एका गटात साधारण आठ-दहा मुलं. सकाळी आल्यावर प्रत्येकाला एकट्याला बाजूला घेऊन विचारलं जातं: रात्र कशी गेली, मरण्याचे विचार आले का, आले तर किती वेळ टिकले, काही केलं का. हे प्रश्न थेट विचारले जातात. विचारल्याने मुलाच्या डोक्यात नसलेली कल्पना शिरते, ही आपल्याकडची समजूत अभ्यासांनी खोटी ठरवली आहे, उलट कोणीतरी विचारल्याने मुलाला हायसं वाटतं. मग गटातलं शिकणं, तासभर शाळेचा अभ्यास, सर्वांसोबत जेवण, दुपारी चित्रं किंवा खेळ, मध्ये डॉक्टरांची भेट. गोळ्या बदलल्या तर त्याचा परिणाम आठवडाभर रोज पाहता येतो, हा ओपीडीच्या तुलनेत फार मोठा फायदा. आठवड्यातून एक-दोनदा आईवडिलांना बोलावून एकत्र बसवतात.

गटात जे शिकवलं जातं, त्याचा बराचसा भाग मार्शा लिनेहान यांच्या डायलेक्टिकल बिहेव्हिअर थेरपीतून, म्हणजे डीबीटीतून आलेला असतो. लिनेहान स्वतः १९६१ मध्ये, वयाच्या १७ व्या वर्षी, हार्टफर्डच्या इन्स्टिट्यूट ऑफ लिव्हिंगमध्ये दाखल झाल्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ तिथे होत्या. हे त्यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितलं, त्याच संस्थेत उभं राहून. १९९३ मध्ये त्यांची पद्धत ग्रंथरूपाने आली. पुढे अ‍ॅलेक मिलर आणि जिल रॅथस यांनी लिनेहान यांच्यासह ती किशोरवयीनांसाठी बेतली. मला या पद्धतीचं मोल वाटतं ते तिच्या साधेपणामुळे. भावनेचा लोंढा आला की पहिल्या काही मिनिटांत शरीराने काय करायचं, इथून ती सुरू होते: थंडगार पाण्यात चेहरा बुडवणं, श्वास लांबवणं, जिना चढउतार करणं. मग भावना ओळखणं आणि तिला नाव देणं. मग दुसऱ्याकडे काही मागायचं किंवा त्याला नाही म्हणायचं तर कसं. किशोरवयीनांसाठी एक भाग खास वाढवला आहे, मधल्या वाटेचा. तो आईवडील आणि मुलं एकत्र शिकतात, कारण ‘माझं ऐकायलाच हवं’ आणि ‘मला कोणी समजूनच घेत नाही’ या दोन टोकांमध्ये त्यांचंच घर ताणलं गेलेलं असतं.

याच पद्धतीतलं दुसरं हत्यार साखळीचं. समजा, मंगळवारी रात्री एका मुलाने भिंतीवर डोकं आपटून घेतलं. बुधवारी सकाळी त्याला कोणी रागवत नाही आणि सहानुभूतीचा वर्षावही करत नाही. त्याच्यासोबत बसून एकेक कडी मागे शोधत जातात. आपटण्याआधी काय झालं? वडिलांनी फोन काढून घेतला. त्याआधी? मित्रांच्या ग्रुपवर कोणीतरी खिल्ली उडवली. त्याआधी? दुपारी जेवला नव्हता, आदल्या रात्री तीनला झोपला होता. मग प्रश्न येतो, यातली कोणती कडी आज तोडता येईल? बहुतेक वेळा उत्तर झोप आणि जेवण असं निघतं. ते ऐकायला फार लहान वाटतं, पण मुलाला पहिल्यांदाच दिसतं की हे आभाळातून कोसळलेलं नाही, याला सुरुवात होती आणि मध्ये थांबायच्या जागाही होत्या. मंगळवारची रात्र बुधवारी सकाळी ताजी असते. तीन आठवड्यांनंतरच्या तारखेला तिच्यातलं काहीच आठवत नाही.

दिवसाच्या उपचारांचं मर्म मला इथे सापडतं. त्यांना लहान वॉर्ड समजणं चूक आहे. वॉर्डमध्ये मूल सुरक्षित असतं, कारण ज्या घरात, ज्या खोलीत, ज्या फोनमुळे हे घडलं, ते सगळं बाहेर राहिलेलं असतं. डिस्चार्जच्या दिवशी मूल एकदम त्या सगळ्यात परत जातं. मनोरुग्णालयातून सुटल्यानंतरचे पहिले तीन महिने आत्महत्येच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचे असतात, हे देशोदेशीच्या आकडेवारीतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. दिवसाच्या कार्यक्रमात हे परत जाणं रोज घडतं. सकाळी शिकलेलं संध्याकाळी घरात वापरून पाहिलं जातं, फसतं, आणि दुसऱ्या दिवशी ते फसणं घेऊन मूल परत येतं. आपल्या भाषेत कातरवेळ हा शब्द आहे. दिवेलागणीला जीव कासावीस होतो, हे आपल्या आज्यांना कोणी शिकवलं नव्हतं. दिवसाचा कार्यक्रम मुलाला नेमका कातरवेळेच्या तोंडावर घरी पाठवतो आणि तिथे त्याला एकटं पडू द्यायचं नाही, यासाठी बाकी सगळी तयारी करतो.

त्या तयारीचा मुख्य कागद म्हणजे सुरक्षा आराखडा. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी मांडलेलं त्याचं रूप एका पानाचं आहे: वाईट वेळ येते आहे याच्या खुणा कोणत्या, एकट्याने काय करता येईल, कोणाजवळ जाऊन बसता येईल, कोणाला मदत मागायची, कोणत्या डॉक्टरांना किंवा हेल्पलाइनला फोन लावायचा, आणि घरातल्या कोणत्या वस्तू हाताशी ठेवायच्या नाहीत. मुलाच्या स्वतःच्या शब्दांत लिहायचा. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांमधल्या तातडीच्या विभागांत केलेल्या अभ्यासात, हा आराखडा करून नंतर फोनवर विचारपूस चालू ठेवली, तेव्हा पुढच्या सहा महिन्यांत आत्मघाती वर्तन ४५ टक्क्यांनी कमी दिसलं. ते प्रौढ होते, हे खरं. पण आराखड्यातला शेवटचा, वस्तू दूर ठेवण्याचा मुद्दा वयावर अवलंबून नाही. आपल्याकडे तर गावातल्या घरात शेतीची कीटकनाशकं कुलपात जाणं आणि शहरातल्या घरात आजोबांच्या गोळ्यांचा डबा कपाटात जाणं, इतक्यानेही जीव वाचतात. आवेग बहुतेकदा थोड्या वेळाचा असतो.

आता पुरावा. इथे ठासून बोलायचा मोह आवरायला हवा. प्रौढांमध्ये दिवसाचं रुग्णालय आणि वॉर्ड यांची तुलना करणाऱ्या १० चाचण्यांचा एकत्रित आढावा २०११ मध्ये आला, आणि योग्य निवडलेल्या रुग्णांना दिवसाच्या उपचारांनी वॉर्डइतकाच गुण येतो, असा त्याचा रोख होता. मुलांसाठी सर्वांत भक्कम अभ्यास जर्मनीतला आहे. अ‍ॅनोरेक्सिया, म्हणजे खाणं जवळजवळ बंद करण्याचा आजार, असलेल्या ११ ते १८ वयाच्या १७२ मुलींना तीन आठवडे वॉर्डमध्ये ठेवून मग निम्म्यांना दिवसाच्या उपचारांवर आणलं, निम्म्यांना वॉर्डमध्येच ठेवलं. वर्षअखेर वजनाच्या बाबतीत दिवसाचा गट मागे पडला नव्हता, आणि खर्च कमी आला होता. २०१४ मध्ये तो ‘लॅन्सेट’मध्ये आला. लंडनमध्ये १०६ मुलांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, वॉर्डमधून लवकर सोडून पथकाने बाहेर सघन उपचार दिले, तेव्हा सहा महिन्यांत रुग्णालयातले दिवस घटले आणि मुलं शाळेत जास्त गेली.

डीबीटीचा अभ्यास अधिक बोलका आहे. आत्महत्येचा धोका असलेल्या १७३ किशोरवयीनांपैकी काहींना डीबीटी दिली, काहींना आधार देणारी नेहमीची थेरपी. सहा महिन्यांनंतर डीबीटीचा गट स्पष्ट पुढे होता. वर्ष सरेपर्यंत आत्महत्येच्या प्रयत्नांमधला फरक पुसट झाला, कारण दुसऱ्या गटातली मुलंही सुधारली होती. यात निराश होण्यासारखं काही नाही. पण दोन-तीन आठवड्यांच्या कार्यक्रमांच्या माहितीपत्रकांत ‘इतके टक्के मुलं सुधारली’ असं छापलेलं असतं, ते वाचताना हा अभ्यास आठवावा. मूल अगदी तळाला असताना दाखल होतं, आणि तळाला गेलेलं बरंचसं काळ गेला की आपोआप थोडं वर येतं. तुलनेचा गट नसेल तर श्रेय कार्यक्रमाचं की काळाचं, हे ठरवता येत नाही. किशोरवयीनांच्या कार्यक्रमांवरचे बरेचसे अहवाल एकेका केंद्राचे, आधीच्या आणि नंतरच्या मोजमापांचे आहेत. म्हणून माझं मत असं: हे उपचार वॉर्डला सुरक्षित पर्याय ठरू शकतात, असं मानायला आधार आहे. ते मुलाला बरं करतात, असं म्हणायला पुरेसा नाही. त्यांचं काम घसरण थांबवण्याचं आणि मुलाला पुढच्या हातात सोपवण्याचं आहे.

पुढचा हात नसेल तर काय होतं, हे अमेरिकेतच दिसतं. विमा कंपन्या एका वेळी काही दिवसांचीच मंजुरी देतात, मूल जरा स्थिर दिसलं की मंजुरी थांबते, आणि बाहेरच्या थेरपिस्टची तारीख कित्येक आठवड्यांनंतरची असते. रोज सहा तासांवरून मूल एकदम शून्यावर येतं. चांगले कार्यक्रम हे ओळखून हळूहळू उतरवतात, पाच दिवसांवरून तीन, तीनावरून एक. मुलाने यावं का, हेही ते नीट पारखतात. ज्याचा बेत पक्का आहे, ज्याला भास होत आहेत आणि भान सुटलं आहे, त्याला वॉर्डच हवा. आणि ज्याच्या घरातच त्याला मारहाण किंवा लैंगिक अत्याचार होतो, त्याला संध्याकाळी तिथे परत पाठवणं हा उपचार नव्हेच. आणखी एक धोका गटाचाच असतो. बेशिस्त, भांडखोर मुलांना एकत्र ठेवल्याने ती एकमेकांकडून आणखी तसंच शिकतात, हे टॉमस डिशियन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्येच दाखवलं होतं. म्हणून इजा कशी केली याचं वर्णन गटात करायचं नाही, खुणा दाखवायच्या नाहीत, हा नियम अशा ठिकाणी कडक हवा.

महाराष्ट्रात प्रश्न लहान नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले. २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे, आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र सर्वांत वर होता. मुलांच्या मनासाठी या राज्यात काम उशिरा सुरू झालं असंही नाही. १९३७ मध्ये देशातलं पहिलं बालमार्गदर्शन केंद्र मुंबईतच, आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने काढलं. तरी ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही चार प्रादेशिक मनोरुग्णालयं मोठ्यांची आहेत, आणि आपल्याकडची डे-केअर केंद्रं बहुतांशी दीर्घ आजार असलेल्या प्रौढांच्या पुनर्वसनासाठी चालतात. ती कामं मोलाची आहेत. पण नववीतल्या मुलीला संकटाच्या तीन आठवड्यांत तिथे जागा नसते.

कायदा मात्र या मधल्या जागेच्या बाजूने उभा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ८७ नुसार अल्पवयीन मुलाला अपवादात्मक परिस्थितीतच दाखल करता येतं. दोन तज्ज्ञांनी त्याला स्वतंत्रपणे तपासावं लागतं, मोठ्यांपासून वेगळं ठेवावं लागतं, सोबत घरचं माणूस राहावं लागतं, मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला ७२ तासांत कळवावं लागतं. माणसाला समाजात आणि कुटुंबात राहता येईल असे उपचार व्हावेत, असंही कायदा म्हणतो. वॉर्डचं दार अरुंद केलं, ते योग्यच. पण अरुंद दाराशेजारी दुसरं दार काढलं नाही, तर मूल घरीच राहतं.

विम्याचं कोडं याहून बिकट. शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही विमा द्यावा, असं हाच कायदा सांगतो. मात्र आपल्या पॉलिसींमध्ये ‘हॉस्पिटलायझेशन’ म्हणजे सलग २४ तास दाखल असणं. ‘डे-केअर ट्रीटमेंट’ हा शब्द असतो, पण त्याची व्याख्या भूल देऊन केलेल्या आणि २४ तासांच्या आत संपणाऱ्या उपचारांची. मोतीबिंदू त्यात बसतो. रोज सहा तास, तीन आठवडे येणारं मूल कोणत्याच रकान्यात बसत नाही. ही व्याख्या बदलणं विमा नियामकाच्या हातात आहे, आणि ती बदलेपर्यंत कोणतंही खासगी रुग्णालय असा विभाग चालवायला धजावणार नाही.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक पात्र समुपदेशक नेमायला सांगितलं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालू आहे, त्यावर मराठीत बोलता येतं, आणि तो प्रत्येक घरात भिंतीवर लिहिलेला असावा. या दोन्हींमुळे अडचणीतलं मूल लवकर ओळखू येईल. पण ओळखल्यावर समुपदेशकाने त्याला कुठे पाठवायचं? चिठ्ठी शेवटी त्याच ओपीडीच्या रांगेत येते.

घरच्यांना सोबत घेणं आपल्याला परकं नाही. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्या सागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांसाठी आवारात तंबू ठोकले, त्यांना रुग्णाजवळ राहू दिलं आणि आजार समजावून सांगितला. पाश्चात्त्य देशांत कुटुंबाला वॉर्डबाहेर ठेवायचा रिवाज होता, त्या काळातली ही गोष्ट. अंतराचा प्रश्नही आपण दुसऱ्या आजारात सोडवला आहे. टाटा रुग्णालयात कॅन्सरच्या उपचारांसाठी दूरवरून आलेली कुटुंबं दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहतात आणि रोज ये-जा करतात. गडचिरोलीच्या किंवा धाराशिवच्या मुलाला आईसोबत तीन आठवडे नागपूर-सोलापुरात राहायची सोय झाली, तर दिवसाचे उपचार फक्त शहरातल्यांचे राहणार नाहीत. रोज मजुरी बुडणाऱ्या आईवडिलांना भत्ता लागेल, हेही धरूनच चालावं लागेल.

सुरुवात पाच दिवसांच्या पूर्ण कार्यक्रमाने करायची गरज नाही. जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागात आठवड्यातल्या तीन दुपारी, तीन-तीन तास, आठ मुलांचा एक गट. मिळून ९ तास, म्हणजे अमेरिकेतल्या हलक्या प्रकाराचं किमान माप. एक मानसशास्त्रज्ञ, एक परिचारिका, एक समाजसेवा अधीक्षक, अभ्यास घ्यायला एखादे निवृत्त शिक्षक, आणि आठवड्यातून एकदा आईवडिलांची बैठक. सकाळची शाळा असलेल्या मुलाची शाळाही बुडणार नाही. मनोविकारतज्ज्ञ सकाळच्या रांगेतून मोकळे झाल्यावर तासभर येऊ शकतात.

माझ्या मैत्रिणीच्या मुलीने ते तीन आठवडे पार केले, आजीच्या आणि एका मावशीच्या जिवावर. तारखेच्या दिवशी मीही सोबत गेले होते. नंबर यायला एक वाजला. आम्ही बाहेर पडलो तेव्हा शिपाई ओपीडीच्या खोल्या एकेक करून बंद करत होता. आत टेबलं होती, खुर्च्या होत्या, पंखे होते. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्या खोल्या कोणालाच लागणार नव्हत्या.